वाकणे आणि बदलणे

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे ब्रीद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि शासकीय सेवेत ते अभिमानाने मिरवलेही. एकदा एका विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज नावातील एका वेलांटीच्या फरकावरून आम्ही परत पाठविला. त्या दिवशी आम्ही सचोटी राखली की केवळ ताठा, हा प्रश्न आजही आमची पाठ सोडत नाही.

डीएनएविषयी वाचताना या प्रश्नावर अनपेक्षित उजेड पडला. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी या रेणूची दुपेडी रचना मांडली. तेव्हापासून सामान्य वाचकाच्या मनात त्याचे चित्र एखाद्या ताठ गोल जिन्याचे आहे. वस्तुतः हा रेणू कोठे ताठ असतो, तर कोठे लवचीक. काही जनुकांच्या आरंभापाशी ‘टाटा’ नावाचा अक्षरक्रम असतो. त्यावर खोगिराच्या आकाराचे एक प्रथिन बसते आणि तेथे डीएनए सुमारे ८० अंशांनी वाकतो. १९९३ साली या जोडणीची रचना उलगडली. हा बाक आला, की जनुकाच्या वाचनाची पुढील यंत्रणा तेथे जुळू लागते. अन्यत्र सुमारे १४७ अक्षरजोड्यांचा पट्टा प्रथिनांच्या गोळ्याभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. ओळीने ‘ए’ हेच अक्षर असलेला लांब तुकडा मात्र असा वेढा सहजी घेत नाही.

विचार करण्याजोग्या गोष्टी दोन. इतके वाकूनही डीएनएचे एकही अक्षर बदलत नाही. आणि कोठे किती वाकता येईल, हे बऱ्याच अंशी त्या अक्षरक्रमातच लिहिलेले असते. काही प्रथिने अक्षरांइतकीच ही वाकण्याची क्षमताही ओळखतात.

रेणूला विवेक नसतो, त्यामुळे निसर्गातून थेट नीती काढू नये, हे आम्हांस मान्य आहे. लाच घेऊन नियम गुंडाळणाराही स्वतःस लवचीकच म्हणवितो. परंतु तो वाकत नाही, तो अक्षरच बदलतो. नियमाचा हेतू वाचला जावा म्हणून नियमाच्या मर्यादेत वाकणे ही निराळी गोष्ट. ते कर्तव्यच होय.

त्या अर्जाच्या बाबतीत प्रतिज्ञापत्र घेऊन नावातील फरक मान्य करण्याची तरतूद त्याच नियमावलीत, पुढच्या पानावर होती. वाकण्याची जागा नियमातच लिहिलेली होती. आम्ही तेथपर्यंत वाचले नव्हते, एवढेच.