कल्पनेचं नैतिक बळ

फुलं, चांदणं, उसासे आणि अकाली मरण: इंग्रजी रोमँटिक कवींविषयी एवढाच समज घेऊन आपल्यापैकी बरेच जण शाळेतून बाहेर पडतात. या समजाने त्या कवींवर अन्याय होतो, असं मला वाटतं. त्यांनी कल्पनाशक्तीला कवितेत मानाचं पान दिलं, कारण माणसाला दुसऱ्याच्या जागी नेऊन उभं करण्याची ताकद त्यांना तिच्यात दिसली.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम ब्लेकने ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ काढलं. ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करणारा कारागीर. कविता आणि चित्रं दोन्ही स्वतःच पत्र्यावर उतरवून तो छापत असे. या संग्रहात धुराडी साफ करणाऱ्या पोराची कविता आहे. अरुंद धुराड्यांत तेव्हा लहान मुलांना चढवलं जाई. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामाला ठेवू नये, असा कायदा १७८८ मध्ये झाला होता, पण तो बव्हंशी कागदावरच राहिला. ब्लेकने ही कविता त्या पोराच्याच तोंडी घातली. सुखवस्तू वाचकालाही मग त्या काजळीत उतरावंच लागतं.

१७९८ मध्ये वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निनावी प्रसिद्ध झाला. झाडाचं मूळ तोडण्याइतकंही बळ न उरलेला म्हातारा शिकारी, मतिमंद मुलाच्या काळजीने रात्रभर वणवण करणारी आई, अशी माणसं त्यात कवितेचे नायक झाली. कोलरिजच्या खलाशाने एका निरपराध पक्ष्याला मारलेलं असतं. समुद्रातल्या सापांचं सौंदर्य पाहून त्याच्या मनातून आशीर्वाद उमटतो, तेव्हा कुठे त्याच्यावरचा शाप सैल होऊ लागतो.

डॅफोडिल्सच्या कवितेचंच पाहा. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरथी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालले होते. कोणती फुलं वाऱ्यावर डोलत होती, कोणती दमून दगडांवर कलंडली होती, हे डोरथीने रोजनिशीत टिपून ठेवलं. कविता त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी झाली आणि त्यातल्या सर्वांत सुंदर दोन ओळी पत्नी मेरीने सुचवल्या, असं वर्ड्‌स्वर्थनेच सांगितलं आहे. एकट्या माणसाची वाटणारी ही कविता तीन माणसांच्या नजरेतून घडली आहे.

पुढच्या पिढीने हाच धागा पुढे नेला. यंत्रं फोडणाऱ्या विणकरांना फाशी देण्याच्या विधेयकाविरुद्ध बायरन १८१२ मध्ये उमरावांच्या सभागृहात बोलला. १८२४ मध्ये ग्रीसच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी गेला असताना तिथेच वारला. नीतीचं मोठं साधन कल्पनाशक्ती हेच आहे, असा सिद्धान्त शेलीने १८२१ मध्ये लिहिलेल्या ‘अ डिफेन्स ऑफ पोएट्री’त मांडला. खिडकीशी चिमणी आली तर आपण तिच्या जगण्यात सामील होतो, असं कीट्सने एका पत्रात लिहिलं. डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेल्या कीट्सने क्षयाने खंगणाऱ्या धाकट्या भावाची शुश्रूषा केली. भाऊ गेल्यावर पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, त्याने आपली थोर उद्देशगीतं लिहिली. १८२१ मध्ये त्याच रोगाने तो रोममध्ये गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी.

हे कवी आयुष्यात नेहमीच आपल्या कवितेइतके उदार राहिले नाहीत. बायरनने जवळच्या माणसांना दुखावलं. तरुणपणी क्रांतीने भारावलेला वर्ड्‌स्वर्थ उतारवयात सनातनी झाला. त्यांच्या कवितेने दिलेली दृष्टी मात्र टिकली, दूरवर पोचली. इंग्रजी कविता मन लावून वाचणाऱ्या केशवसुतांनी मराठीत ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिली, तेव्हा त्यांनीही एका मुलाच्या डोळ्यांनी समाजाकडे पाहिलं. ब्लेकची ती कविता आणि केशवसुतांची ही, दोन्ही एकदा शेजारी ठेवून वाचा. रोमँटिक कवितेची याहून चांगली ओळख मला ठाऊक नाही.