अंधारात वाजविलेली टाळी

भिवंडीतील कामतघर हा भाग वऱ्हाळा तलावाच्या काठी वसला आहे. यंत्रमागांचा खडखडाट तेथे रात्रीही थांबत नाही. पाहुण्यास त्यामुळे झोप येत नाही, आणि तेथील माणसास तो आवाज बंद पडला तर जाग येते. अशाच एका रात्री आम्ही तेथे ओळखीच्या एका घरी उतरलो होतो. घरचा मुलगा मागावर कामास जातो. त्या रात्री त्याची पाळी नव्हती, म्हणून सर्वांनी मिळून टीव्हीवर एक चित्रपट पाहिला. दहशतवाद्यांचा कट, जवानांचे बलिदान आणि शेवटी हात बांधलेल्या एका गुन्हेगारास अधिकाऱ्याने गोळी घालणे, असा त्याचा मजकूर होता. गोळी सुटताच खोलीत टाळी वाजली. खरे सांगावयाचे तर आम्हीही ती वाजविली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामास निघाला असता आम्ही कारखान्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो. दारात एक वृद्ध विणकर बसला होता. डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा. तुटलेले सूत सांधावयास ह्यानेच त्या मुलास शिकविले होते. मुलगा आम्हांस हळूच म्हणाला, "मास्तर, आमचे चाचा तसले नाहीत हो."

आम्ही तर काहीच विचारले नव्हते.

त्या वाक्याने आम्हांस फार अस्वस्थ केले. चाचांच्या निर्दोषपणाची ग्वाही देण्याची गरज त्या मुलास का वाटावी? आदल्या रात्रीच्या खलपुरुषालाही तशीच टोपी होती, तसाच सुरमा होता. चित्रपट संपला, दिवा लागला, तरी ती टोपी पडद्यावर राहिली नाही. ती सकाळी आमच्याबरोबर कारखान्याच्या दारापर्यंत आली.

ह्यावरून असल्या कथा पडद्यावर येऊच नयेत, असा अर्थ वाचकांनी काढू नये. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. हे दुःख खरे आहे, आणि जे पोलिस व जवान त्यात पडले त्यांचे स्मरण करणे हे आपले ऋणच होय. आमची शंका निराळी आहे. चित्रपटापाशी दोन-अडीच तासच असतात. न्यायास वर्षे लागतात. म्हणून चित्रपट न्यायाला गाळतो, आणि त्या उतावळेपणालाच देशप्रेम असे नाव देतो. २००८ च्या सप्टेंबरात आलेल्या 'अ वेन्सडे' ह्या चित्रपटातील सामान्य मनुष्य बॉम्बची धमकी देऊन अटकेतील चौघांस बाहेर काढवितो व त्यांचा जीव घेववितो. चित्रपट मोठ्या कौशल्याने केलेला आहे, आणि म्हणूनच पाहणारा त्या मनुष्याच्या बाजूस कधी जाऊन बसला हे त्याचे त्यालाही कळत नाही.

आता त्याच वर्षी, तीनच महिन्यांच्या आत, मुंबईत प्रत्यक्ष काय घडले ते पाहा. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हे मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. गिरगाव चौपाटीवरील नाक्यावर त्यांच्या हाती केवळ लाठी होती. अजमल कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यांच्या सोबत्यांस कसाब जिवंत सापडला. ओंबळे ह्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

त्या पकडीतून काय निष्पन्न झाले? एक खटला. ज्याचा गुन्हा शहराने डोळ्यांनी पाहिला होता, त्यासही वकील देण्यात आला. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे, ज्यांनी त्या रात्री वीस गर्भवती स्त्रियांस आडोशाला नेऊन वाचविले, त्यांनी न्यायालयात त्यास ओळखले. मे २०१० मध्ये शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि नोव्हेंबरात येरवड्यास तिची अंमलबजावणी झाली. पुष्कळांस हा विलंब लज्जास्पद वाटला. परंतु त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते, आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून न्यायालयाने त्यांस सोडून दिले. आमच्या त्या रात्रीच्या टाळीच्या हाती निकाल असता तर हे दोघेही गेले असते. त्यांपैकी फहीम अन्सारी ह्याचे वकील शाहिद आझमी ह्यांचा फेब्रुवारी २०१० मध्ये, निकालापूर्वीच, कुर्ल्यात गोळ्या घालून खून झाला. त्यांच्या जीवनावर 'शाहिद' हा चित्रपट निघाला आहे. तेव्हा चित्रपटास न्याय दाखविताच येत नाही असेही म्हणवत नाही.

पडद्याचे हे सामर्थ्य न्यायालयासही ठाऊक आहे. १९९३ च्या स्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' ह्या चित्रपटास मुंबई उच्च न्यायालयाने दोन वर्षे अडवून धरले, कारण खटल्याचा निकाल लागला नव्हता. निर्णय होऊ लागल्यानंतर, २००७ मध्ये, तो प्रदर्शित झाला. पडद्यावर पाहिलेल्याचा परिणाम खटल्यावर होईल, अशी भीती जर कायद्यास वाटते, तर कामतघरच्या एका विशीतल्या पोराने आपण त्यापासून अलिप्त आहोत असे कसे मानावे?

'सरफरोश' ह्या १९९९ च्या चित्रपटात सलीम नावाचा एक पोलिस अधिकारी आहे. त्याच्या निष्ठेविषयी संशय घेतला जातो, आणि ते त्याच्या जिव्हारी लागते. ते पात्र आम्हांस आवडले होते. पण आता वाटते की त्यालाही अखेरीस आपला खरेपणा सिद्ध करूनच दाखवावा लागतो. मग जो चोर पकडीत नाही, गोळी झेलीत नाही, नुसता आठ-बारा तास माग चालवितो आणि घरी जातो, त्याने आपला खरेपणा कशाने सिद्ध करावा?

भिवंडीने ह्या संशयाची किंमत दोनदा मोजलेली आहे, १९७० मध्ये व १९८४ मध्ये. पुढे सुरेश खोपडे हे पोलिस अधिकारी तेथे आले असता त्यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि पोलिस ह्यांनी एकत्र बसावे, अफवा कानी आली की ती तेथल्या तेथे पडताळून पाहावी, एवढेच ते काम. १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळाली आणि भिवंडी शांत राहिली. ह्यात पाठलाग नाही, गाणे नाही, टाळी कोठे वाजवावी हे कळावे असा प्रसंग नाही.

हे आम्ही त्या मुलास सांगितले. त्याचा जन्म त्यानंतरचा. त्यास ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. सायंकाळी पाळी संपवून तो आला तेव्हा त्याने चाचांस विचारले होते. चाचा त्या बैठकांस जात असत. बैठक कोठे भरे, रात्री किती वाजेपर्यंत चाले आणि चहाचे पैसे कोण देई, हेही तो विचारून आला होता.