वाळीत टाकलेल्या पूर्वजासाठी क्षमा कोणी कोणाची मागावी?

जीव जे कर्म करतो त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते, हा कर्मरहाटीचा नियम साधकांना परिचित आहे. पित्याच्या दोषाचे प्रायश्चित्त पुत्राने घेऊन चालत नाही, आणि पुत्राच्या पुण्याने पित्याचे ऋण फिटत नाही. मग पूर्वी कधी वाळीत टाकल्या गेलेल्या पूर्वजासाठी वंशजांनी क्षमा मागणे यास काही अर्थ आहे काय? की ती केवळ मनाची समजूत होय? प्रश्न शास्त्रचर्चेचा वाटतो खरा. परंतु कित्येक घरांत तो आजही जिवंत आहे.

पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या हिंजवडीचे उदाहरण घ्यावे. म्हातोबाचे हे गाव गेल्या शतकाच्या अखेरीपासून संगणक-उद्योगाचे केंद्र झाले. शेतजमिनीचे मोल वाढले आणि व्यवहारापूर्वी वारसांच्या नोंदी तपासणे आले. अशा गावी जुने फेरफार चाळताना, घरात ज्याचे नाव कोणी कधी उच्चारले नाही असा एखादा भाऊबंद कागदावर भेटू शकतो. समजा, पणजोबांच्या धाकट्या भावाने जातीबाहेर विवाह केला. पंचांनी त्यास वाळीत टाकले. सख्ख्या भावानेही पंचांच्या भयाने दार लावून घेतले. तो गाव सोडून गेला तो परतला नाही. आज त्याची नातवंडे परगावी आहेत. घरातील वडीलधारे म्हणतात, "झाले ते झाले. देवाजवळ त्याच्यासाठी क्षमा मागू आणि विषय मिटवू." येथे थांबून पाहिले पाहिजे की यात दोष कोणाचा होता.

या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने आणि सर्वांत करुण उदाहरण इंद्रायणीकाठी आळंदीस घडले. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला. पत्नी विद्यमान आहे हे कळताच गुरूंनी त्यांस परत गृहस्थाश्रमात धाडले. संन्यासी पुन्हा संसारी झाला म्हणून ग्रामस्थ ब्रह्मवृंदाने त्या कुटुंबास बहिष्कृत केले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार लेकरे त्या बहिष्कारातच वाढली. मुलांची मुंज व्हावी म्हणून पित्याने प्रायश्चित्त विचारले, तेव्हा देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले. आणि त्या दांपत्याने जलात देह ठेवला, असे परंपरा सांगते. पुढे ती मुले शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये त्याच आळंदीस समाधी घेतली, आणि ज्या गावाने त्यांस वाळीत टाकले तेच गाव त्यांच्या नावाने तीर्थ झाले.

या कथेत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शुद्धिपत्र मागण्याची पाळी आली ती मुलांवर. वास्तविक त्यांनी कोणता अपराध केला होता? आणि ज्या मातापित्यांनी प्राण दिले, त्यांना कोणत्याही पत्राने काय मिळणार होते? क्षमा मागण्याची दिशाच येथे उलटी झाली होती. ज्यांनी दुःख दिले ते क्षमा देणारे ठरले, आणि ज्यांनी दुःख भोगले ते क्षमा मागणारे ठरले.

ही उलटी दिशा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. मेनो सायमन्स या डच धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखला जाणारा मेनोनाइट हा ख्रिस्ती पंथ अहिंसा आणि साधी राहणी यांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडातील धमतरी येथे त्याच्या मिशनचे कार्य १८९९ मध्ये सुरू झाले. या पंथात दोषी व्यक्तीशी व्यवहार तोडण्याची शिस्त चालत आली. तथापि १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट येथील त्यांच्या श्रद्धा-निवेदनातच अशी मर्यादा घातली आहे की वाळीत असलेला मनुष्य भुकेला, तहानलेला, उघडा किंवा आजारी असेल तर त्याला साह्य केलेच पाहिजे. कारण शिस्तीचा हेतू त्याची सुधारणा हा आहे, त्याचा नाश हा नव्हे.

ही मर्यादा टिकली नाही. १६९३ मध्ये याकोब आमान याने अधिक कडक बहिष्काराचा आग्रह धरला आणि न मानणाऱ्या आचार्यांसच पंथाबाहेर केले. पुढे त्यास व त्याच्या सोबत्यांस अनुताप झाला. आपण उतावळेपणा केला असे मान्य करून १७०० च्या सुमारास त्यांनी स्वतःलाच बहिष्कृत मानले व क्षमा मागितली. परंतु तोवर मने दुभंगली होती. समेट झाला नाही, आणि आमिश हा पंथ वेगळा झाला तो आजपर्यंत वेगळाच आहे. दार बंद करण्यास एक दिवस पुरतो. ते उघडण्यास पिढ्या लागतात.

या पंथाच्या बाबतीत दुसरी एक घटना मात्र आशादायक आहे. सोळाव्या शतकात लूथरपंथीयांनी मेनोनाइटांच्या पूर्वजांचा निषेध केला होता व त्यांच्या छळास आधार पुरविला होता. २०१० च्या जुलै महिन्यात जर्मनीतील स्टुटगार्ट येथे जागतिक लूथरन महासंघाने त्या छळाबद्दल परमेश्वराची आणि मेनोनाइट बंधूंची क्षमा मागितली. मेनोनाइटांनी ती दिली, व पाय धुण्याचे एक लाकडी पात्र भेट दिले. मारणारे आणि मेलेले दोघेही कित्येक शतकांपूर्वी गेले होते. तरीही येथे दिशा सरळ होती. ज्यांच्या बाजूने अन्याय झाला त्यांनी मागितली, ज्यांच्या बाजूने सोसले त्यांनी दिली.

येथे अशी शंका येते की, छळ करणारे पूर्वज गेले. त्यांचा दोष त्यांच्यापाशी. जिवंत वंशजांनी तो आपल्या माथी का घ्यावा? याचे समाधान असे की, पूर्वजाचा दोष वंशजास लागत नाही हे सत्यच आहे. परंतु पूर्वजाने लावलेले दार जो आज बंद ठेवतो, त्याचे ते बंद ठेवणे हे आजचे आणि त्याचे स्वतःचे कर्म आहे. नाव न घेणे, वंशावळीत जागा न देणे, भाऊबंदास पंगतीला न बोलावणे, त्याच्या वाट्याची जमीन खात राहणे, ही कर्मे मृत पणजोबांची नव्हेत. यांचे प्रायश्चित्त घेता येते, कारण यांचा कर्ता जिवंत आहे.

दुसरी शंका अशी की, पूर्वज खरोखरच दोषी असेल तर? आणि कोणत्याही संघास शिस्त नको काय? शिस्त हवीच. साधकाचे स्खलन झाले तर त्यास अनुताप व्हावा म्हणून काही काळ दूर ठेवणे हितकर असू शकते. परंतु शिस्त आणि द्वेष यांची परीक्षा सोपी आहे. शिस्तीत परतीची वाट आरंभीच सांगितलेली असते. द्वेषात ती नसते. शिस्त दोषी व्यक्तीपुरती असते. द्वेष तिच्या लेकरांपर्यंत जातो. शिस्त अन्नपाणी तोडीत नाही. द्वेष स्मशानातही खांदा देत नाही. जो बहिष्कार या परीक्षेस उतरत नाही तो विकार-विकल्पातून निघालेला आहे. मग तो देणारे पंच असोत वा अधिकारी पुरुष असोत.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड यांची त्यात तरतूद आहे. हे उचितच झाले. परंतु कायदा जिवंताचे रक्षण करतो. गेलेल्याचे रिकामे पान तो पुन्हा मांडू शकत नाही. ते काम घरातल्यांचेच.

तेव्हा हिंजवडीच्या त्या कल्पित घराने काय करावे? पूर्वजासाठी क्षमा मागू नये. त्याने विवाह केला, तो अपराध नव्हे. आणि त्याच्या अन्य कर्मांचा हिशेब परमेश्वरापाशी आहे. क्षमा मागावी ती त्याच्या नातवंडांची, आणि आपल्याच मौनासाठी. त्यांच्या दारी स्वतः जावे. त्यांस कचेरीत सहीपुरते बोलावून घेऊ नये. "आमच्या घराने तुमच्या आजोबांवर अन्याय केला, आणि आम्ही तो आजवर चालू ठेवला," असे स्पष्ट शब्दांत सांगावे. वंशावळीत नाव लिहावे, न्यायाने निघत असेल तो वाटा द्यावा, मग पंगतीचे आमंत्रण करावे. वाटा न देता घातलेली पंगत हे प्रायश्चित्त नसून सोंग होय.

नातवंडांनी क्षमा केलीच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नये. क्षमा हे दान आहे. ते मागता येते, वसूल करता येत नाही. त्यांनी दार लावून घेतले, तर आपल्या पणजोबांनी लावलेले दार बाहेरून कसे दिसत होते, हे तरी त्या क्षणी कळेल. तो कळण्याचा क्षण हाच खऱ्या अनुतापाचा आरंभ होय.