तीन मुखे, सहा हात

दत्तजयंतीला आपण सारे ज्या मूर्तीपुढे हात जोडून उभे राहतो, तिचे हात एकदा नीट पहावे. माला-कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख-चक्र विष्णूचे, त्रिशूळ-डमरू शंकराचे. देह एक झाला, पण कुणी आपली खूण टाकून दिली नाही. निरनिराळे पंथ जवळ येतात तेव्हा काय राहावे आणि काय जावे, याचे उत्तर मी त्या सहा हातांत शोधतो.

हा प्रश्न आम्हा कामठीकरांना घरबसल्या पडतो. ताजुद्दीनबाबांचा जन्म १८६१ सालचा, इथलाच. पुढे लोकांनी त्यांना वेडे ठरवले, नागपूरच्या पागलखान्यात ठेवले. पण तिथेही दर्शनाला रीघ लागली. राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून सक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणले. राजाने आपला धर्म सोडला नाही, बाबांनाही सोडायला लावला नाही. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांनी देह ठेवला. आज ताजबागेत फुलं घेऊन जाणाऱ्यांत आपली माणसं किती असतात, ते सांगायला नको.

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी बाबांची तसबीर आहे, आईच्या काळापासून. पुतण्या म्हणतो, "काका, दत्ताच्या घरात ही कशाला? निष्ठा एका ठायी पाहिजे." वहिनी म्हणतात, "अरे, बाबा म्हणजे दत्तच की! मग हरकत कसली?"

पुतण्याला उत्तर आपल्या परंपरेनेच देऊन ठेवले आहे. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी राज्यात चाकरीला होते. नाथांना दत्तदर्शन मलंगाच्या वेषात झाले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी तर आपल्या संप्रदायाला सकलमत हेच नाव दिले. त्यांच्याकडे हिंदूही येत, मुसलमानही येत. अवधूताने चोवीस गुरू केले. मधमाशीपासून शिकला म्हणून तो मधमाशी झाला नाही. शेजारी दिवा लावल्याने आपला दिवा विझत नसतो.

वहिनींचं बोलणं ऐकायला गोड, पण खरी अडचण मला तिथेच वाटते. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. कुणी म्हणतं ते सूफी फकीर, कुणी म्हणतं मूळचे चंद्रभट. इतिहासाचा शोध जरूर घ्यावा. पण ते चंद्रभट निघाले तरच बरं वाटेल, अशी मनात ओढ असेल तर ती तपासायला हवी. ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं, त्याचं नाव का काढून घ्यायचं? बाबा "खरे म्हणजे दत्तच" म्हटलं की त्यांची नमाज, त्यांचा अल्ला, त्यांची वाट, सगळं बाजूला पडतं. प्रेमाच्या पोटी का होईना, आपण सांगतो की आमचे झालात तरच मोठे. उद्या कुणी आपल्या नृसिंहसरस्वतींना असंच दुसऱ्या नावात बसवलं, तर आपल्याला चालेल का?

कुणी विचारेल, तत्त्व एकच ना? एकच. नामरूप मिथ्या, हेही खरं. पण नाव जर इतकं क्षुल्लक आहे, तर पुसायची वेळ आली की नेहमी दुसऱ्याचंच का पुसलं जावं? अद्वैत स्वतःच्या अहंकारावर चालवायचं शस्त्र आहे. ते दुसऱ्याच्या ओळखीवर चालवलं की त्यात अद्वैत राहत नाही, नुसती मालकी राहते.

म्हणून आमच्याकडे रीत साधी आहे. गुरुवारी आरती दत्ताचीच. उरुसाला ताजबागेत जायचं ते डोकं झाकून, तिथल्या रीतीने. पुतण्याला मी सांगितलं, तसबीर काढायची नाही. आणि वहिनींना नमस्कार करून म्हटलं, तिच्याखालचं नावही तेच राहू द्या.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥