लेबलं उघडण्याआधी

पुणे, रविवार

चि. ओंकार,

बंद झालेल्या दुकानातली किमतीची ई-पेपर लेबलं तुला मिळाली, हे वाचून फार बरं वाटलं. अशी चांगली लेबलं कचऱ्यात जातात तेव्हा जीव तुटतो. पण ‘आत नवा प्रोग्रॅम टाकायला डीबगर कोणता घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता येईना, कारण आत चिप कोणती आहे हे तू कळवलंच नाहीस.

प्लास्टिकच्या पातळ पट्टीने मागचं झाकण उचकट, सेल काढ आणि भिंगातून चिपवरची अक्षरं वाच. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची सीसी1110 किंवा सीसी2510 निघाली तर सीसी डीबगर लागेल. त्याच्या दोन नंबरच्या पिनेला बोर्डाचा व्होल्टेज जोडावाच लागतो. ती पिन मोकळी राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही चिप सापडत नाही. नॉर्डिकची एनआरएफ52 मालिकेतली चिप निघाली तर मार्ग एसडब्ल्यूडीचा, म्हणजे दोन तारांच्या डीबग जोडणीचा. मला वाटतं, तुझ्याकडे हीच निघेल.

तिच्यासाठी बाजारातला स्वस्त एसटी-लिंक घेऊ नकोस. विकणारा ‘एसडब्ल्यूडी आहे ना’ म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण दुकानातल्या लेबलांना बहुधा कुलूप घातलेलं असतं, म्हणजे चिपमधलं फर्मवेअर वाचता येत नाही. नॉर्डिकचं कुलूप काढायला एका वेगळ्या पोर्टपर्यंत पोचावं लागतं आणि स्वस्त एसटी-लिंक तिथे बहुतेकदा अडतो. जे-लिंक डीबगर पोचतो. तो महाग वाटला तर बुधवार पेठेतून रास्पबेरी पाय पिको आण आणि तिच्यात डीबगप्रोब हे फर्मवेअर टाक. मी तुझ्या जागी असते तर पिकोच घेतली असती.

जोडायच्या तारा चारच. पहिली ग्राउंडची. मग पिकोच्या जीपी2 पासून एसडब्ल्यूसीएलके आणि जीपी3 पासून एसडब्ल्यूडीआयओ. चौथी वीजपुरवठ्याची, 36 नंबरच्या पिनेवरून, जिथे 3.3 व्होल्ट मिळतात. 40 नंबरच्या पिनेवर यूएसबीचे 5 व्होल्ट असतात आणि नॉर्डिकची चिप 3.6 पर्यंतच सोसते. अशाच एका चुकीच्या पिनेने माझ्या हातून एक चांगला बोर्ड गेला आहे, म्हणून तार लावण्याआधी प्रत्येक वेळी मल्टिमीटरने व्होल्ट मोज. सेल आणि पिको दोन्ही एकदम जोडू नकोस.

चौथी तार राहून गेली तर काय होतं, तेही समजून घे. पुरवठा नसलेली चिप सिग्नलच्या तारांतूनच थोडी वीज ओढते आणि अर्धवट जागी होते. मग कधी ओळख देते, कधी देत नाही, आणि आपण उगाच सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. जे-लिंक घेतलास तरी व्हीटीरेफची पिन बोर्डाच्या पुरवठ्याला जोडावी लागेल. त्या पिनेतून तो व्होल्टेज मोजतो, देत नाही. तारा वीतभरापेक्षा लांब नकोत. तरीही संपर्क तुटत असेल तर क्लॉकचा वेग कमी कर. टेस्ट पॉइंटचे पॅड बारीक असतात, सोल्डर करताना गरम टोक जास्त वेळ टेकवलंस तर पॅड उखडतो. तीस लेबलं करायची असतील तर पोगो पिनांचा छोटा साचा बनवणंच बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुलूप निघतं ते चिप पूर्ण पुसूनच. मूळ फर्मवेअर जातं, त्याच्याबरोबर चिपच्या यूआयसीआर या भागातली सेटिंगंही, आणि वाचता येत नसल्यामुळे त्याची प्रत काढता येत नाही. म्हणून पहिलं लेबल पुसण्याआधी मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर बीप ऐकत पडद्याच्या केबलची एकेक रेघ चिपच्या कोणत्या पायापर्यंत जाते ते वहीत उतरव: क्लॉक, डेटा, सिलेक्ट, डीसी, रीसेट आणि बिझी. बिझीचा पाय चुकला तर नवा प्रोग्रॅम पडद्याची वाट पाहत अडकून राहतो. या कामाला एक संध्याकाळ जाईल, जाऊ दे. एका लेबलाची वही बाकीच्या सगळ्यांना चालेल; फक्त बोर्डावरचा आवृत्तीचा नंबर ताडून बघ.

सेल काढल्यावरही पडद्यावर जुनी किंमत तशीच दिसत राहील. काळे-पांढरे कण जिथे आहेत तिथेच थांबतात, चित्र टिकवायला वीज लागत नाही. त्यावरून लेबल चालू आहे असं समजू नकोस.

पुसण्याची आज्ञा देण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि वहीचं ते पान मला पाठव. मी रात्री उशिरापर्यंत जागी असते.

तुझी,
आत्या