चकती नको, आंबट पाणी जप

कर्वेनगर, पुणे

चि. मुक्ता,

तुझा कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, फसफसतो, वासही दारूकडे झुकतो, पण आंबट काही होत नाही, असं तू लिहिलंस. स्कोबीची चकती तळाला गेली म्हणून नवी मागवू का, असंही विचारलंस. अजिबात पैसे घालवू नकोस. ती चकती म्हणजे जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा थर. ती बुडाली तर वर नवा थर धरतो. खरं विरजण म्हणजे मागच्या खेपेचं आंबट पाणी, आणि तू नेमकं तेच दर वेळी पिऊन संपवतेस!

बरणीत दोन जमाती नांदतात. यीस्ट साखर फोडून अल्कोहोल आणि वायू करतं. असिटिक आम्लाचे जिवाणू त्याच अल्कोहोलचं आम्ल करतात, पण त्यांना हवा लागते. म्हणून त्यांची वस्ती पृष्ठभागाशी, तर यीस्ट बरंचसं तळाच्या गाळात. तू तळाचं गढूळ पाणी पुढच्या खेपेला वापरलंस, की दर वेळी यीस्टचीच संख्या वाढत जाणार. त्यात एप्रिलमधलं आपलं स्वयंपाकघर! दुपारी तिथे उभं राहवत नाही, यीस्टची मात्र चंगळ होते.

तेव्हा आधी जुना रस गाळून गाळ काढून टाक. एक लिटर पाण्याला दोन चमचे साधी चहापूड आणि साठ-सत्तर ग्रॅम साखर पुरे. आपला आलं-वेलदोड्याचा चहा इथे चालत नाही, मसाल्यातली तेलं जिवाणूंना सोसत नाहीत. चहा पूर्ण निवला की वरच्या बाजूचं आंबट पाणी दीडशे मिली घाल. बरणी रुंद तोंडाची हवी, गळ्यापर्यंत भरू नकोस. तोंडाला घट्ट विणीचं सुती फडकं बांध, नाहीतर चिलटं आत शिरतात. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेव आणि पाचव्या दिवसापासून चव घेत जा. डिसेंबरात हेच काम दोन आठवडे घेईल. तेव्हा आंबट पाणी थोडं जास्त घाल, कारण आम्ल उशिरा तयार झालं तर बुरशीला फावतं.

आंबवण्याच्या मोठ्या कामाची उदाहरणं आपल्याजवळच आहेत: पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिन आंबवून काढलं गेलं. अशा ठिकाणी एकेक वाण निर्जंतुक टाकीत, मोजून हवा देऊन वाढवतात. तुझ्या ओट्यावर त्यातलं काहीच नाही. बाहेरच्या जंतूंना रोखायला तुझ्याकडे फक्त आंबटपणा आहे. म्हणून पीएचच्या पट्ट्या आण. आठवड्याच्या आत आकडा चारच्या खाली यायलाच हवा.

आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी वापरायचा मोह होईल, पण जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्लात ते उतरतं. तांब्या-पितळेचं तर नावच काढू नकोस; त्यात ताकसुद्धा कळकतं, हे तुला माहीत आहे. फळांचा रस घालून बाटली बंद केलीस तर दोन दिवसांत फ्रिजमध्ये टाक. उन्हाळ्यात अशा बाटल्या फुटतात.

गुणकारी म्हणून जे सांगतात, त्यातलं बरंचसं मला पटत नाही. 1995 साली अमेरिकेत आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तात आम्ल भलतंच वाढलं, त्यातली एक दगावली. दोष कोंबुचाचाच होता असं सिद्ध झालं नाही, तरी रोज लहान पेलाभर पुरे. तुझ्या गरोदर वहिनीला मात्र देऊ नकोस.

तपकिरी तंतू लोंबताना दिसले तर घाबरू नकोस, ते यीस्ट. पण वर कोरडी, लवदार बुरशी दिसली, मग रंग कुठलाही असो, तर पाण्यासकट सगळं ओतून दे आणि बरणी उकळत्या पाण्याने धू. नव्याने लावायला आंबट पाणी माझ्याकडे आहे. येताना काचेची बाटली घेऊन ये, झाकण धातूचं नको.

तुझी,
मावशीआजी