माया आणि तूट

आमची कन्या पुण्याला शिकायला गेली आणि पहिल्याच महिन्यात स्पॅनिशच्या वर्गात दाखल झाली. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही माझे कारीन्यो!" अस्मादिकांना वाटलं, पुन्हा पैसे संपले. (लाडाचे शब्द आमच्या खात्यात वीस तारखेनंतरच जमा होतात.)

पण कारीन्यो म्हणजे माया, जिव्हाळा. लाडक्या माणसालाही तसंच म्हणतात. स्पॅनिश अकादमीच्या कोशात त्याचं मूळ बहुधा लॅटिन 'कारेरे' असं दिलंय म्हणे. कारेरे म्हणजे जवळ नसणं, उणं असणं. त्यावरून बोलीत एक क्रियापद आलं, कुणाची तरी उणीव भासणं, आणि त्यातून हा शब्द. वीस वर्षं बँकेत काढलेल्याला हे चटकन कळलं. कॅश शॉर्ट!

आपल्याकडे हिशोब उलटा. वेदान्ताची माया म्हणजे भास, सावकाराची माया म्हणजे गाठीचा पैसा, आणि आईची ती तर मायाच. तिन्ही रकमा एकाच खात्यात टाकणाऱ्या पूर्वजांना आमच्या ऑडिटरने सोडलं नसतं. पण मग माणसाने माया सोडावी, की जमवावी?

गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली (जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी आम्ही चंद्रपूरकर अजून 'आपलाच' म्हणतो), तेव्हा दर सोमवारी एसटीतून वैनगंगेचा पूल ओलांडताना मी सोडण्याच्या बाजूचा असे. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की एक म्हातारी यायची. मजुरी ठेवायची, काढायची नाही.

"आजी, स्वतःसाठी काही घ्या की."

"पोट्टा येनार हाये नं दिवाळीले."

पोट्टा दोन दिवाळ्या फिरकला नव्हता. तिच्या मायेला भास म्हणायची माझी छाती झाली नाही. पासबुकात व्याजासकट दिसत होती.

शिंप्याची माया राहिलीच. गोल बाजारात आई बजावायची, "माया जास्त ठेव रे, वाढत्या अंगाचा आहे." दरवर्षी शिवण उसवली की आतली न विटलेली खाकी पट्टी बाहेर यायची. वर्गात मला तिची लाज वाटायची. आता आई नाही.

"बाबा, माझी आठवण येते का हो?" कन्येने विचारलं.

"छे! अभ्यास कर," म्हणालो. धडधडीत खोटं.

ही अजून तिघांचा भात लावते. उरलेला मी सकाळी फोडणी देऊन डब्यात नेतो.